परक्या शहरात खानावळ टाकायची तर

कपाशीला भाव नाही, केळीवर रोग पडला, की आमच्या अमळनेर-चोपड्याकडची पोरं घर सोडतात. काही नोकरी धरतात, काहींच्या डोक्यात शेवभाजीची गाडी नाहीतर छोटी खानावळ असते. निघायच्या आधी त्यातली बरीच माझ्या ओट्यावर येऊन बसतात. "मावशी, आमले काय काय ध्यानमा ठेवनं पडी?" आमच्या ह्यांनी आणि मी परराज्यातल्या एका शहरात बरीच वर्षं खानावळ चालवली, म्हणून विचारतात. त्या शहराचं नाव मी लिहीत नाही. तिथे काच फोडणारे भेटले तसे रात्रभर आमच्या दुकानाला राखण बसणारेही भेटले. सुरतेला जाणाऱ्यांचं थोडं सोपं आहे, उधन्यात उतरलं की आपलीच बोली कानावर पडते. मी लिहितेय ते जिथे आपलं कुणी नाही तिथे जाणाऱ्यांसाठी.

माझी मुलगी कॅनडात, टोरांटोत राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिने मला डॅनफर्थ हा रस्ता दाखवला. कितीतरी ग्रीक हॉटेलं, रस्त्यांच्या पाट्या इंग्रजीसोबत ग्रीकमध्येही. मग तिने त्या लोकांची जुनी हकिगत सांगितली, आणि ती मला आपल्याच गावची वाटली. फ्रान्सच्या द्राक्षवेलींना कीड लागली तेव्हा तिथे वाइन करायला ग्रीसच्या मनुका जाऊ लागल्या आणि त्यांना सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी दुसरं सोडून मनुकांचीच द्राक्षं लावली. फ्रान्सचे मळे सावरले, तिथल्या सरकारने बाहेरच्या मनुकांवर कर वाढवला, आणि 1893 साली भाव कोसळला. त्यानंतर पोरं बोटीत बसून अमेरिकेला निघाली. तिथे बूटपॉलिश, फळांच्या गाड्या, गोळ्या-मिठाईची दुकानं, मग छोटी हॉटेलं. भांडवल थोडं आणि भाषा मोडकी असली की माणूस याच धंद्यात शिरतो, आपणही तसेच शिरतो.

गेल्या गेल्या स्वतःचं काही टाकू नका. आधी तिथल्याच कुणाच्या हॉटेलात काम धरा. भाजीबाजार कुठला, तेलाचा डबा कुणाकडे उधार मिळतो, दुपारी गिऱ्हाईक कुठून येतं, हे पगार घेऊन शिकता येतं. भाषा शिकताना आकडे, भाज्यांची नावं आणि शिव्या आधी शिका. शिव्या द्यायला नव्हे. समोरचा चेष्टा करतोय की खरंच तापलाय, हे ओळखता यावं म्हणून.

जागा भाड्याने घेताना करार नोंदणी केलेलाच हवा, तोंडी शब्दावर चूल मांडू नका. पोलिसांकडची भाडेकरूची नोंद स्वतः मागे लागून करून घ्या. अन्नपदार्थाचा धंदा म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी आलीच, ती भिंतीवर समोर लावा. "हे बाहेरचे लोक काय खायला घालतात कोण जाणे," हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. भिंतीवरचा कागद आणि गिऱ्हाइकाला दिसेल अशी उघडी चूल, याहून चांगलं उत्तर मला सापडलं नाही.

आता भरिताचं. भरीत हीच आपली ओळख, ते पाटीवर हवंच. पण वांगं भाजताना धूर होतो. गावाकडे शेतात पऱ्हाट्या पेटवून भाजतो तेव्हा कुणाला काही वाटत नाही. शहरात वरच्या मजल्यावर कुणाची तरी कपडे वाळत घालायची दोरी असते. आमच्या वरच्या बाईंच्या साड्यांना आठवडाभर जळक्या सालीचा वास येत होता. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "धूर येतो." चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा म्हणाला, "तुम्ही लोक असेच." मधल्या दोन दिवसांत धुराचं भांडण 'तुम्ही लोकां'चं झालं होतं. मी त्याच संध्याकाळी वर गेले, त्यांच्या कपडे वाळत घालायच्या वेळा विचारल्या, आणि वांगी पहाटेच भाजायला लागले. सालं काढून, हिरवी मिरची-लसूण घालून ठेचलेलं गरम भरीत एका वाटीत त्यांच्याकडे पोचायचं, तिखट कमी घालून. पुढे त्याच मुलाने आम्हाला नळजोडणीसाठी कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगितलं.

या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं. भांडण एका माणसाचं असतं तोवर ते त्याच दिवशी मिटवा. त्याला जातीचं, मुलखाचं नाव चिकटलं की ते तुमच्या हातात राहत नाही.

टोरांटोत नेमकं हेच झालं. 1918 चा ऑगस्ट. यंग स्ट्रीटवरच्या व्हाइट सिटी कॅफे या ग्रीक हॉटेलात युद्धावरून परतलेला एक सैनिक दारू पिऊन आला, वेटरशी मारामारी झाली, त्याला बाहेर काढलं. गावभर बातमी झाली ती अशी, की ग्रीकांनी जखमी जवानाला मारलं. दुसऱ्या संध्याकाळपासून जमाव फिरला आणि वीसेक ग्रीक हॉटेलं फोडली, लुटली. पहिल्या रात्री पोलीस बघत राहिले. लोकांचा राग असा, की हे लोक युद्धात उतरत नाहीत. आता बघा, ग्रीस आधी तटस्थ होता हे खरं, पण 1917 सालीच तो कॅनडाच्याच बाजूने युद्धात उतरला होता. जमावाला ते कोण सांगणार? त्याआधी 1909 साली अमेरिकेत साउथ ओमाहा इथे एका ग्रीक माणसाच्या हातून पोलीस मेला, तर जमावाने अख्खी ग्रीक वस्ती जाळून रिकामी केली. माझ्या पोटात कालवतं हे लिहिताना.

म्हणून दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही, हे तुमच्या पोऱ्यालाही बजावून ठेवा. पैसे बुडाले तर बुडू द्या. शेजारच्या पानवाल्याला, म्हणजे तिथल्याच माणसाला, बोलवा आणि त्याला बोलू द्या. एक कॅमेरा गल्ल्यावर, एक दारावर लावा. रात्री वहीत दोन ओळी लिहा: किती वाजता, काय झालं, कोण हजर होतं.

गाडी लावणार असाल तर 2014 चा पथविक्रेता कायदा माहीत हवा. सर्वेक्षणात नाव घाला आणि विक्री प्रमाणपत्र घ्या. पालिकेच्या माणसांनी माल उचलला तर उचललेल्या वस्तूंची यादी मागा, ती देणं त्यांना बंधनकारक आहे. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत सोडायचा असतो. आवाज न चढवता एवढं बोललात तरी समोरचा जरा सांभाळून वागतो.

विमा घ्या. पोरं इथेच कंजुषी करतात. घेताना एजंटला स्पष्ट विचारा, दंगल आणि मुद्दाम केलेलं नुकसान यात धरलंय का, आणि ती ओळ पॉलिसीत बोट ठेवून वाचा. फ्रीज, मिक्सर, भांडी यांची बिलं फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा.

मंडळ काढायचं तर काढा, पण फक्त आपल्याच लोकांचं नको. ग्रीकांनी 1922 मध्ये अटलांटात अहेपा ही संघटना काढली, तेव्हा तिकडे कू क्लक्स क्लान ही बाहेरून आलेल्यांचा द्वेष करणारी गोऱ्यांची टोळी जोरात होती. त्यांनी कारभार इंग्रजीत ठेवला आणि सभासदांना नागरिकत्व घ्यायला लावलं. आपल्या कानबाईच्या उत्सवाला गल्लीतल्या बायकांना बोलवा, रोट त्यांच्याही हाती द्या, आणि त्यांच्या सणाला वर्गणी न मागता द्या.

आणि खरंच काच फुटली तर? आधी माणसं मागच्या दाराने बाहेर, गल्ला राहू दे. 112 लावा. झाडू लगेच हातात घेऊ नका, पंचनामा होईपर्यंत काचा तशाच पडू द्या, फोटो काढा. ही हद्द आमची नाही असं चौकीवर म्हणाले तर शांतपणे सांगा की गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

उधारीची वही रोज रात्री घरी नेत जा. पंचनामा उरकला की तीच वही काढून नेहमीच्या डबेवाल्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करा आणि सांगा, संध्याकाळचा डबा मिळेल, आज फक्त वरण-भात असेल.