क्लस्टरचा मॅग्नेटिक डेटा वाचताय? या चुका टाळा

मेटल क्लस्टरवर (अनेक धातूचे आयन जोडलेला एक रेणू) काम करणाऱ्यांच्या थीसिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं, की कमी तापमानाला काय-टी घसरते म्हणजे क्लस्टरमध्ये अँटीफेरोमॅग्नेटिक इंटरॅक्शन आहे, म्हणजे शेजारचे स्पिन उलट दिशांना वळून एकमेकांना खोडतात. (काय-टी म्हणजे मोलर ससेप्टिबिलिटी, अर्थात एका मोलचा फील्डला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद, गुणिले तापमान, लॅबमध्ये सगळे असंच म्हणतात म्हणून इथेही तेच.) हे वाक्य कधीकधी बरोबर असतं, पण बऱ्याचदा ते घाईत लिहिलेलं असतं, कारण ग्राफची शेपटी बघण्याआधी सॅम्पलकडे आणि वजनाकडे बघायला हवं ते कोणी बघितलेलंच नसतं. माझं स्पष्ट मत आहे की क्लस्टरच्या मॅग्नेटिझममधला निम्मा गोंधळ फिजिक्सचा नसतो, स्क्विडमध्ये (मॅग्नेटिक मोजमापाच्या यंत्रात) नक्की काय गेलं याचा असतो.

सेल्फ-असेंब्लीत हे जास्त होतं त्याला कारण आहे. आपण मॅंगनीजचं मीठ, कार्बोक्सिलेट, एखादा लिगंड (धातूला बांधणारा रेणू) आणि बेस एकत्र करतो, भांडं शांत ठेवतो आणि क्रिस्टल येतात. किती धातूचे आयन एकत्र येणार हे आपण ठरवत नाही, ते पीएच, सॉल्व्हंट, प्रमाण, हवेतला ऑक्सिजन यावर ठरतं. त्यामुळे एकाच फ्लास्कमध्ये दोन वेगळे क्लस्टर सोबत पडणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. एक्स-रेला आपण सगळ्यात सुंदर दिसणारा एक क्रिस्टल निवडतो आणि स्क्विडला जाते ती तळाची वीस-पंचवीस मिलिग्रॅम पावडर. दोन्ही एकच आहेत हे पावडर एक्स-रेनं दाखवा, सिम्युलेटेड पॅटर्नशी जुळवा, आणि क्रिस्टलचा डेटा १०० केल्विनला घेतलेला असेल तर पीक थोडे सरकलेले दिसणार हे धरून चला. एलिमेंटल अ‍ॅनालिसिस त्याच बॅचचं करा, मागच्या वर्षीच्या बॅचचं नको.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक, मोलर मास. मॅंगनीज-१२ अ‍ॅसिटेट घ्या, १९८० मध्ये लिस यांनी स्ट्रक्चरसकट छापलेला आणि १९९३ मध्ये गॅटेस्की, सेसोली आणि सहकाऱ्यांनी एकट्या रेणूची मॅग्नेटिक स्मृती दाखवून जगप्रसिद्ध केलेला, बारा मॅंगनीजचा क्लस्टर. त्याच्या क्रिस्टलमध्ये रेणूमागे दोन अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि चार पाणी मोकळे बसलेले असतात. ते धरून मोलर मास साधारण २०६०, ते सोडून १८६८. समजा पंपावर ठेवल्यामुळे सगळं सॉल्व्हंट उडालं आणि तुम्ही हिशोब २०६० नं केला, तर काय-टी सगळ्या तापमानांना दहा टक्के जास्त येणार. दहा टक्के म्हणजे 'जी' व्हॅल्यू (स्पिनमागे किती चुंबकत्व ते सांगणारा आकडा) २ ऐवजी २.१ होते, आणि मग कोणीतरी त्यावर अ‍ॅनायसोट्रॉपीची (दिशेनुसार बदलणाऱ्या चुंबकत्वाची) कहाणी रचतं. सॅम्पल चेंबरमध्ये व्हॅक्यूम आणि हेलियम पर्ज होतोच, त्यामुळे मिथेनॉल, डायक्लोरोमिथेन असलेले क्रिस्टल तिथेच उघडे पडतात. उलटंही होतं, मुंबई-कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सुकवलेलं सॅम्पल वजन करेपर्यंत पाणी ओढून बसतं. टीजीए (तापवत वजन किती घटतं ते मोजणं) करा, एलिमेंटलशी जुळणारा फॉर्म्युला वापरा, मोजल्यानंतर सॅम्पल परत तोला. सॉल्व्हंट फारच चंचल असेल तर क्रिस्टल ज्या द्रावणात वाढले त्यासकट सीलबंद नळीत मोजायची पद्धत आहे, थोडी कटकट आहे पण करा.

पुढचं, काय-टीची ३०० केल्विनची किंमत आधी कागदावर काढा. जी २ धरून एस (स्पिन) गुणिले (एस अधिक १), भागिले २ इतकं सोपं आहे, उत्तर सेंटिमीटर घन केल्विन प्रति मोलमध्ये: कॉपर-टूला (म्हणजे दोन धन भाराच्या कॉपर आयनला) ०.३७५, मॅंगनीज-थ्रीला ३, मॅंगनीज-फोरला १.८७५, आयर्न-थ्रीला ४.३७५. मॅंगनीज-१२ मध्ये आठ मॅंगनीज-थ्री आणि चार मॅंगनीज-फोर, म्हणजे एकमेकांशी काही संबंध नसता तर ३१.५ यायला हवं. प्रत्यक्षात येतं सुमारे १९ ते २०. हा फरक खरा आहे, खोलीच्या तापमानालाच आतलं कपलिंग (स्पिनांची एकमेकांशी जोडणी) जाणवतंय. पण तुमच्या क्लस्टरमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त आलं आणि फिटिंगनं मॅंगनीज-थ्रीची जी २.४ काढली, तर आनंदी होऊ नका, मॅंगनीज-थ्रीची जी साधारण २ च्या किंचित खालीच असते, म्हणजे मोलचा हिशोब चुकलाय. जी मोकळी सोडली की वजनातली प्रत्येक चूक ती गपचूप पोटात घेते. लॅन्थनाइडला हा स्पिन-ओन्ली फॉर्म्युला लावायचाच नाही (गॅडोलिनियम-थ्री अपवाद, ७.८८), डिस्प्रोसियम-थ्रीला १४.१७ आणि टर्बियम-थ्रीला ११.८२ धरा. आणि किंमत प्रति आयन आहे की प्रति क्लस्टर ते ग्राफवरच लिहा, जुन्या पेपरशी तुलना करताना इथेच सगळ्यात जास्त माणसं घसरतात.

काय-टी थंड करताना वर चढली म्हणजे फेरोमॅग्नेटिक (सगळे स्पिन एकाच दिशेला), हा दुसरा लाडका निष्कर्ष. मॅंगनीज-१२ चीच काय-टी थंड करताना ५५ च्या आसपास चढते, म्हणजे एस बरोबर १० ची किंमत, तरी आतल्या चार मॅंगनीज-फोर आणि बाहेरच्या आठ मॅंगनीज-थ्रीमधलं मुख्य कपलिंग अँटीफेरोमॅग्नेटिक आहे. आठ गुणिले दोन सोळा, चार गुणिले दीड सहा, सोळा वजा सहा दहा. दोन्ही बाजू असमान आहेत म्हणून शिल्लक उरते. म्हणून आधी ३०० केल्विनची किंमत बघा, मग सगळ्यात खालचा बिंदू, मग चढ, आणि मगच कपलिंगचं चिन्ह (फेरो की अँटीफेरो) ठरवा.

घसरणीचंही तसंच. दहा केल्विनच्या खाली काय-टी पडायला झीरो-फील्ड स्प्लिटिंग (बाहेरचं फील्ड नसतानाही स्पिनचे लेव्हल फुटणं) पुरतं, शेजारच्या क्लस्टरशी हायड्रोजन बाँडमधून आलेलं बारीक इंटरॅक्शन पुरतं, आणि नुसतं फील्डही पुरतं. हे शेवटचं फार दुर्लक्षित आहे. एक टेस्लाला बोर मॅग्नेटॉनची ऊर्जा ०.६७ केल्विन, एस १० आणि जी २ असेल तर गुणाकार १३ केल्विनच्या वर जातो, म्हणजे २ केल्विनला तुम्ही मॅग्नेटायझेशन जवळजवळ सॅच्युरेट केलंय आणि तरी एम (मॅग्नेटायझेशन) भागिले एच (फील्ड) करून त्याला ससेप्टिबिलिटी म्हणताय. मोठ्या स्पिनला ०.१ टेस्ला किंवा त्याहून कमी वापरा, शक्य असेल तर दोन फील्डला मोजा, वक्र एकमेकांवर बसले पाहिजेत. डिस्प्रोसियममध्ये तर एकट्या आयनचे स्टार्क लेव्हल (आसपासच्या लिगंडमुळे फुटलेले ऊर्जेचे स्तर) रिकामे होत गेले तरी काय-टी उतरते, तिथे कपलिंगचा शब्द काढायच्या आधी थांबा. याच्या उलट टोकाला २००६ मधला डिस्प्रोसियमचा त्रिकोण आहे, अ‍ॅनी पॉवेल यांच्या ग्रुपशी जोडलेला: तीन आयनांचे मोमेंट त्रिकोणात गोल फिरून एकमेकांना खोडतात आणि ग्राउंड स्टेट जवळपास नॉनमॅग्नेटिक होते. तिथली घसरण खरोखर मोलाची होती, कारण सिंगल-क्रिस्टल मोजमाप आणि कॅल्क्युलेशननं ती पक्की केली गेली.

सॅम्पल भरण्यातल्या चुका थोडक्यात. ५० केल्विनच्या आसपास छोटा उंचवटा दिसला तर तो तुमचा नवा ट्रान्झिशन नाही, अडकलेला ऑक्सिजन आहे, परत पर्ज करा. ३०० केल्विनला एम विरुद्ध एच ओरिजिनमधून सरळ जात नसेल तर लोखंडाचा कण गेलाय, स्टीलचा स्पॅच्युला बाजूला ठेवा आणि प्लास्टिकचा घ्या. मोकळी पावडर जास्त फील्डला स्वतःच फिरून इझी अ‍ॅक्सिस (ज्या दिशेला चुंबकत्व सहज वळतं ती) फील्डकडे वळवते आणि किंमत उगाच फुगते, म्हणून आयकोसेनमध्ये (मेणासारखा पदार्थ) बसवा, ते साधारण ३७ अंशांना वितळतं, त्याचं वजन नोंदवा आणि डायमॅग्नेटिझम (फील्डच्या उलट जाणारा बारीक प्रतिसाद) वजा करा. जोरात कुटू नका, कुटताना सॉल्व्हंट जातं. पास्कलचे काँस्टंट (अणूंच्या डायमॅग्नेटिझमचे तयार आकडे) किंवा निदान मोलर मासच्या निम्मे गुणिले दहाचा उणे सहावा घात इतकी करेक्शन लावाच, कॉपर अ‍ॅसिटेटसारख्या ४०० मासच्या डायमरला ती ३०० केल्विनला ०.०६ भरते, ०.७५ च्या तुलनेत हे लहान नाही.

कॉपर अ‍ॅसिटेट फिटिंग शिकायलाही उत्तम आहे. ब्लीनी आणि बोवर्स यांनी १९५२ मध्ये ते दोन कॉपर आयनांचं जोडपं म्हणून समजावलं, सिंगलेट (स्पिन खोडलेली स्थिती) आणि ट्रिपलेटमध्ये (स्पिन समांतर) अंतर सुमारे ३०० वेव्हनंबर (ऊर्जेचं एकक, प्रति सेंटिमीटर), ससेप्टिबिलिटीचा माथा २५५ केल्विनच्या आसपास. आता हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं सूत्र, त्यात 'जे' म्हणजे कपलिंगची ताकद) उणे दोन जे लिहिलं तर जे उणे १५०, उणे जे लिहिलं तर उणे ३००. दोन्ही बरोबर, पण पेपरमध्ये हॅमिल्टोनियन लिहिलाच नाही तर वाचणाऱ्यानं काय करायचं? दुसऱ्याची किंमत घेताना त्याचा हॅमिल्टोनियन बघितल्याशिवाय टेबलात टाकू नका. आणि थंडीत ससेप्टिबिलिटी शून्याकडे जायच्या ऐवजी परत वर वळते ती सुट्या कॉपरच्या अशुद्धीमुळे, तिला एक छोटी टक्केवारी द्या. टक्केवारी मोठी निघाली तर फिट सोडा आणि परत क्रिस्टल करा.

सहा-सात धातूंच्या क्लस्टरमध्ये पाच जे, एक जी, एक डी (झीरो-फील्ड स्प्लिटिंगचा आकडा), एक इंटरमॉलिक्युलर टर्म सगळं एका गुळगुळीत वक्रातून काढणं मला खरंच पटत नाही, फिट सुंदर दिसतो आणि दुसरा अगदी वेगळा सेटही तितकाच सुंदर बसतो. समान ब्रिज असलेल्या जोड्यांना एकच जे द्या, अँगल बघा, मॅग्नेटायझेशन दोन-तीन तापमानांना सोबत फिट करा, जमलं तर हाय-फील्ड ईपीआर (स्पिनचे लेव्हल थेट मोजणारी स्पेक्ट्रोस्कोपी) किंवा कॅल्क्युलेशनची साथ घ्या. आयआयटी मुंबईत गोपालन राजारामन यांचा ग्रुप अशा रेणूंच्या कॅल्क्युलेशनवर काम करतो, त्यांचे पेपर वाचले तर कुठलं कपलिंग रास्त आणि कुठलं अशक्य याचा अंदाज बसतो.

शेवटी एसी ससेप्टिबिलिटी, म्हणजे सतत उलटसुलट होणाऱ्या फील्डमध्ये मोजलेली. २ केल्विनला आउट-ऑफ-फेज सिग्नल (फील्डच्या मागे पडणारा भाग) नुसता उचलायला लागला म्हणून सिंगल-मॉलिक्यूल मॅग्नेट (एकटाच चुंबकासारखी स्मृती ठेवणारा रेणू) जाहीर करू नका, पीक दिसला पाहिजे आणि तो फ्रिक्वेन्सीबरोबर सरकला पाहिजे. तीन बिंदूंवर आर्हेनियस रेष ओढून बॅरियर (स्पिन उलटायला लागणारी ऊर्जा) काढायचा नाही. बॅरियर म्हणजे डीचं (चिन्ह सोडून) मूल्य गुणिले एसचा वर्ग हा हिशोब पूर्णांक स्पिनचा आहे, अर्ध्या स्पिनला वर्गातून पाव वजा करा, आणि लॅन्थनाइडला तो लावूच नका. मॅंगनीज-१२ ला डी उणे ०.४६ वेव्हनंबर धरला तर ४६ वेव्हनंबर म्हणजे ६६ केल्विन, मोजलेला बॅरियर ६० ते ६५ च्या आसपास, इतकं छान जुळणं नेहमी मिळत नाही. त्याच्या एसी डेटात २ ते ३ केल्विनला दुसरा छोटा पीक पण दिसतो, तो बऱ्याच जणांना अशुद्धी वाटतो, पण ते त्याच क्लस्टरचे काही टक्के रेणू आहेत ज्यांच्यात एका मॅंगनीज-थ्रीचा यान-टेलर अक्ष (ज्या दिशेचे बाँड ताणलेले असतात ती) वेगळ्या दिशेला वळलाय, आणि ते लवकर रिलॅक्स होतात. तुमच्या सॅम्पलमध्ये दुसरा पीक आला तर आधी पावडर पॅटर्न बघा, मग स्ट्रक्चरमधला डिसऑर्डर बघा, मग दोन प्रक्रियांचा कोल-कोल फिट (एसी सिग्नलच्या दोन भागांचा एकमेकांविरुद्ध ग्राफ) करा, आणि डीसी फील्ड लावून मोजलं असेल तर ते किती होतं हे बॅरियरच्या शेजारीच छापा.