पॉप बँडची माहिती लिहिताय? या चुका टाळा

क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं नाव निघालं की मराठी लेखात पाचगणी येतेच, आणि यायलाही हवी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला, 'द हेक्टिक्स' हा त्याचा शाळकरी बँडही तिथलाच. पण या आपुलकीच्या भरात काही जण त्याचा जन्मसुद्धा मुंबईत उरकून टाकतात. तो जन्मला झांझिबारमध्ये, ५ सप्टेंबर १९४६ रोजी. घराण्याची मुळं गुजरातेत, शाळा पाचगणीत आणि क्वीन हा बँड लंडनमध्ये, या तिन्ही गोष्टी सुट्या लिहाव्या लागतात. जिथे आपला अभिमान गुंतलेला असतो तिथली माहिती दोनदा तपासावी, कारण ती वाचताना संपादकही नुसती मान डोलावतो.

फोटोतले आणि रेकॉर्डवरचे

सदस्यांची यादी बहुतेक लोक कव्हरवरचा फोटो बघून करतात. बोनी एम. या सत्तरच्या दशकातल्या डिस्को-पॉप बँडच्या बाबतीत ही युक्ती सपशेल फसते. फोटोत चौघं आहेत: लिझ मिचेल, मार्सिया बॅरेट, मेझी विल्यम्स आणि नाचणारा बॉबी फॅरेल. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फारियन याचा, आणि बायकांचे आवाज मिचेल व बॅरेट यांचे. म्हणजे 'गायक: बॉबी फॅरेल' असं लिहिलं की चूक झालीच. फॅरेलला यादीतून काढणं हीदेखील चूकच, कारण स्टेजवर लोकांनी बोनी एम. म्हणून त्यालाच पाहिलं. त्याच्या नावापुढे 'नृत्य, मंचीय सादरीकरण' असं लिहा आणि फारियनच्या नावापुढे 'निर्मिती, स्टुडिओतील गायन'.

याच बँडवर आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, 'जमैकन बँड'. मिचेल आणि बॅरेट जमैकाच्या, पण विल्यम्स माँटसेराटची, फॅरेल अरुबाचा, आणि सगळा कारभार पश्चिम जर्मनीतून चाले. दोन, 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' हे त्यांचं स्वतःचं गाणं समजणं. त्यांची आवृत्ती १९७८ ची. मूळ गाणं जमैकाच्याच 'द मेलोडियन्स'चं, १९७० चं. गाणं गाजवणारा आणि गाणं रचणारा यांना वेगळे रकाने हवेत.

स्थापनेचं साल

'आबा १९७४ मध्ये स्थापन झाला' हे स्वीडनच्या या पॉप बँडबद्दलचं वाक्य इतक्या ठिकाणी दिसतं की खरंच वाटावं. ६ एप्रिल १९७४ ला ब्रायटनमध्ये 'वॉटर्लू' गाऊन त्यांनी युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली, ते त्यांच्या प्रसिद्धीचं साल. चौघं एकत्र गायला लागले ते त्याआधी, आणि 'रिंग रिंग' हा अल्बम १९७३ मध्येच आला होता. त्यावर बँडचं नाव म्हणून चौघांची नावं छापली होती. शेवटच्या सालाचंही असंच. '१९७२ ते १९८२' असा कंस बंद करून लोक मोकळे झाले, आणि २०२१ मध्ये 'व्हॉयेज' आला.

गाण्यांच्या तारखांतही हा घोळ चालतो. आ-हा या नॉर्वेच्या बँडचं 'टेक ऑन मी' १९८४ मध्ये आलं आणि ब्रिटनमध्ये पडलं. गाजली ती १९८५ ची, पुन्हा रेकॉर्ड केलेली आवृत्ती. 'पहिल्याच फटक्यात जगभर हिट' असं लिहिणाऱ्याने पहिला फटका ऐकलेलाच नसतो.

आपल्याकडे नाव बदललेल्या बँडवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. मुंबईचा रॉक मशीन १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला. त्यामुळे १९८८ चा 'रॉक एन रोल रेनिगेड' हा 'इंडस क्रीडचा पहिला अल्बम' ठरत नाही. तो रॉक मशीनच्या नावावरच ठेवावा आणि पुढे एका ओळीत नावबदल सांगावा.

एका शब्दाचं लेबल

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, आणि बरीचशी फुकट. आबाला कुणी 'डिस्को बँड' म्हणतं, कुणी चिडून 'शुद्ध पॉप' म्हणतं. 'वॉटर्लू' ऐका, त्यात डिस्को नाही. १९७९ चा 'वुले-वू' ऐका, तिथे ठेका सरळसरळ डिस्कोचा आहे. लेबल अल्बमला लावा, जमल्यास गाण्याला, म्हणजे दोन्ही बाजू बरोबर ठरतात. बँडच्या नावापुढे 'पॉप' एवढं पुरे.

काही लेबलं तर संगीताची नसतातच. नव्वदच्या दशकातलं चित्रपटाबाहेरचं झाडून सगळं 'इंडीपॉप'मध्ये कोंबलं जातं. त्यात हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे कलोनियल कझिन्स, गिटारवर धावणारा युफोरिया, मोहित चौहानचा सौम्य सिल्क रूट, आणि कुणी कुणी इंडियन ओशनलाही ढकलतात. हे नाव काळ आणि बाजारपेठ सांगतं, कानाला काय ऐकू येतं ते सांगत नाही. के-पॉप, म्हणजे कोरियन पॉप, याचंही तेच. बीटीएस या बँडचं 'डायनामाइट' (२०२०) पूर्ण इंग्रजीत आहे आणि चाल डिस्कोची. असं नाव वापरायला हरकत नाही, पण सोबत ऐकू येणारं काही लिहा: वाद्यं, ठेका, भाषा. 'फ्यूजन' लिहून थांबणाऱ्यांना तर कशाचं कशाशी, हे विचारलंच पाहिजे.

चूक आधीच छापली गेली असेल तर

दहा ठिकाणी तेच साल दिसलं म्हणून ते पक्कं होत नाही. बहुधा दहाही जणांनी एकाच जागेवरून उचललेलं असतं. मूळ एलपीचं (तबकडीचं) कव्हर किंवा कॅसेटच्या डबीतलं इनले कार्ड पाहा. स्ट्रीमिंग ॲपवर दिसणारं साल अनेकदा रिमास्टरचं (जुन्या रेकॉर्डिंगच्या सुधारून काढलेल्या प्रतीचं) किंवा संकलनाचं असतं, ते प्रथम प्रकाशनाचं म्हणून उतरवू नका. दोन भरवशाचे स्रोत भांडत असतील तर दोन्ही सालं द्या आणि कोणतं कुठलं ते सांगा.

दिवंगत किंवा बाहेर पडलेल्या सदस्याचं नाव पुसू नये, त्याच्यापुढे वर्षं घालावीत. इंडियन ओशनचे असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले. 'कंदिसा' (२०००) या अल्बमच्या पानावर ते आहेतच, आणि तिथे आजची मंडळी लिहिणं चूक. साल दुरुस्त केलंत की त्यावर टेकलेली वाक्यंही शोधा: 'दोनच वर्षांनी', 'पदार्पणातच', फोटोखालची ओळ, यादीतला क्रम. माहितीच्या चौकटीत १९७३ आणि खाली मजकुरात १९७४ असा लेख मूळ चुकीपेक्षा जास्त गोंधळ घालतो.