ज्युलियन ऑफ नॉर्विच वाचायला घेताय? ते फेमस वाक्य आधी बाजूला ठेवा

मध्ययुगीन मिस्टिक्सचा, म्हणजे देवाचा थेट अनुभव सांगणाऱ्यांचा, अभ्यास ज्युलियन या चौदाव्या शतकातल्या इंग्लिश बाईपासून सुरू करावा का? माझं उत्तर हो, पण माझ्यासारखी चूक करू नका. "सगळं नीट होईल" हे तिचं वाक्य धरून मी पहिल्या पेपरात तिला सरळ आशावादी ठरवून मोकळी झाले होते. सरांनी मार्जिनमध्ये एवढंच लिहिलं, हे तिला कशाच्या उत्तरात सांगितलंय?

ते वाक्य तिला येशू सांगतो, तिला झालेल्या सोळा दर्शनांपैकी तेराव्यात, आणि तिथे तिचा प्रश्न असतो की देवाने पाप मुळातच का होऊ दिलं. 1349 ला नॉर्विचमध्ये प्लेग आला तेव्हा ती सहा-सात वर्षांची असणार. म्हणजे दुःख बघितलेली बाई विचारतेय, आणि उत्तर मिळाल्यावरही विचारायची थांबत नाही.

क्रम असा ठेवा. मे 1373 मध्ये ती मरणाच्या दारात होती, तेव्हा सोळा दर्शनं झाली, त्यावर तिने आधी छोटं पुस्तक लिहिलं आणि नंतर 86 प्रकरणांचं मोठं. छोटं आधी वाचा, मग मोठं, आणि मोठ्यात नवीन काय आलंय तिथे पेन्सिलने खूण करत जा. प्रकरण 51 मधला मालक आणि नोकर फक्त मोठ्यातच आहे: नोकर मालकाच्या कामासाठी जीव तोडून धावतो, खड्ड्यात पडतो, उठता येत नाही, आणि मालक रागवत नाही, मायेने बघत राहतो. याचा अर्थ लागायला तीन महिने कमी वीस वर्षं लागली असं ती स्वतः सांगते! तुम्हाला एका आठवड्यात नाही कळलं तर घाबरू नका.

पुढे ती येशूला आई म्हणते. आपल्याला माउली म्हणायची सवय, त्यामुळे लगेच आपलं वाटतं, पण तिथेच थांबू नका, तिचा सगळा युक्तिवाद ट्रिनिटीवर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या कल्पनेवर, उभा आहे. आई बाळाला दूध पाजते, येशू स्वतःलाच खायला देतो, म्हणजे कम्युनियन (चर्चमध्ये येशूचं शरीर आणि रक्त म्हणून भाकर आणि वाइन घेण्याचा विधी), हे धरूनच वाचा.

भाषांतर शेजारी ठेवा पण मूळ मिडल इंग्लिश, म्हणजे तिच्या काळची इंग्रजी, मोठ्याने वाचा. देवाला ती 'होमली' म्हणते, त्यातला घरच्या माणसाचा जिव्हाळा भाषांतरात बऱ्याचदा हरवतो.

नंतर मार्जरी केम्प या दुसऱ्या इंग्लिश मिस्टिक बाईचं पुस्तक घ्या. ती 1413 च्या सुमारास ज्युलियनला भेटायला गेली आणि त्या कित्येक दिवस बोलत बसल्या होत्या. ज्युलियन चर्चला लागून असलेल्या खोलीत कायमची बंद राहायची, तरी लोक तिच्याकडे सल्ला मागायला यायचे, हे त्यातून नीट कळतं.