एअर पिस्तूलची नवी ग्रिप हाताला कशी बसवली

१० मीटर एअर पिस्तूलला मी वेगळी विकत मिळणारी अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप, म्हणजे मूठ, लावली आणि छरे डावीकडे जायला लागले. मी उजव्या हाताने नेम धरते. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवून छऱ्यांच्या छिद्रांचा गट मध्यावर आणता आला असता, पण गट पसरट होता, म्हणजे दोष पकडीत होता. १० गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं, तिथे ट्रिगरवरचं बोट किंचित जरी आडवं ढकललं तरी गुण जातात.

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घातला आणि तळहाताला खडूची पूड चोळून ग्रिप नेहमीसारखी धरली. लाकडावर उमटलेल्या ठशांनी सगळं सांगितलं. तर्जनीच्या मुळाशी पांढरा जाड पट्टा, तळव्याच्या खळग्यात मात्र लाकूड कोरं! बोट लाकडाला टेकत होतं, म्हणून ट्रिगर सरळ मागे येतच नव्हता.

पट्ट्याची जागा बारीक पॉलिश पेपरने थोडी थोडी घासली, दर वेळी पुन्हा ठसा घेऊन. घाई करू नका, घासलेलं लाकूड परत येत नाही. खळग्याच्या जागी इपॉक्सी पुट्टी (वाळल्यावर कडक होणारा लगदा) भरली, ओली असतानाच वर प्लॅस्टिक ठेवून हात दाबला. ग्रिपचा वरखाली सरकणारा खालचा टेकू करंगळीखाली हलकेच टेकेल इतका वर घेतला; करकचून आवळला की मनगट ताठरतं.

स्पर्धेला जाणाऱ्यांनी हे तपासाच: ग्रिप मनगटाला आधार देता कामा नये आणि पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे.

आता गट आटोपशीर आहे. साइटला शेवटी दोन-तीन क्लिक लागले, बस.