असाइनमेंट चढवली, पण जमा झाली का?

वर्ग मूडलवर (असाइनमेंट ऑनलाइन जमा करायच्या पोर्टलवर) चालत असेल तर फॉरमॅटिंगच्या आधी हे वाचा. फाइल ओढून चौकटीत टाकली, ‘सेव्ह चेंजेस’ दाबलं, नाव पानावर दिसायला लागलं की आपण सुटकेचा श्वास टाकून लॅपटॉप मिटतो. पण शिक्षकांनी सबमिटचं बटण सक्तीचं केलेलं असेल, तर ती फाइल अजून नुसता मसुदा असते. वरच्या स्थितीच्या ओळीत ‘ड्राफ्ट (नॉट सबमिटेड)’ असं लिहिलेलं असतं, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. ‘सबमिट असाइनमेंट’ हे बटण वेगळं. ते दाबलं की पुन्हा एकदा खात्री विचारतात, तिथेही हो म्हणायचं. मग ‘सबमिटेड फॉर ग्रेडिंग’ येतं. हे शब्द दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि दिसले की स्क्रीनशॉट काढायचा.

हे इतकं उगाळतेय, कारण माझी असाइनमेंट मुदतीच्या आदल्या रात्री चढवलेली होती, तरी उशिराच्या यादीत गेली. आठवडाभराची मेहनत, आणि अडलं एका बटणावर. अजूनही सबमिट केल्यावर मी ते पान दोनदा उघडून बघते. गूगल क्लासरूमवरही तीच गत: फाइल जोडली म्हणजे झालं नाही, ‘टर्न इन’ करावंच लागतं.

मूडलवर ‘ड्यू डेट’ उलटली तर बहुतेक वेळा फाइल घेतली जाते, फक्त उशिराचा शिक्का बसतो. ‘कट-ऑफ’ उलटली की दार बंद. दोन्ही तारखा वेगळ्या असू शकतात, तेव्हा घाबरून अर्धवट काहीतरी चढवण्याआधी नीट बघा.

आता फॉरमॅटिंग. त्याचा लोक उगाच बाऊ करतात. सूचनापत्रात एपीए म्हटलंय की एमएलए (लेखन आणि संदर्भ मांडायच्या या दोन ठरलेल्या पद्धती), एवढं आधी बघा. समास चारही बाजूंनी 1 इंच आणि ओळींमध्ये दुप्पट अंतर, हे दोन्हीकडे सारखंच. एपीएला मुखपृष्ठ लागतं. एमएलएला साधारणपणे लागत नाही, पहिल्याच पानावर डावीकडे नाव, शिक्षक, विषय, तारीख. एपीएच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीपासून विद्यार्थ्यांच्या लेखनाला ‘रनिंग हेड’ (प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं छोटं शीर्षक) लागत नाही, शिक्षकांनी मागितलं तरच. तरी जुने नमुने बघून मुलं ते टाकतच राहतात.

जुन्या नमुन्यांवरून आठवलं. सीनियरची फाइल घेऊन त्यात आपला मजकूर चिकटवणं मला अजिबात पटत नाही. फाइलच्या ‘इन्फो’मध्ये लेखक म्हणून त्याचंच नाव राहतं, मग बसा खुलासे देत. कोरी फाइल लावायला दहा मिनिटं लागतात. सीनियरकडून काही घ्यायचंच असेल तर शिक्षकांनी त्याच्या वहीवर मारलेले शेरे बघा, त्यातून जास्त कळतं.

नव्या पानावर जायला एंटर दाबत सुटू नका. वर्डच्या होम टॅबमधलं ¶ हे चिन्ह दाबून बघा: मथळ्याच्या वर अशा चिन्हांची उतरंड दिसली, तर दुसऱ्या संगणकावर तो मथळा पानाच्या मध्यावर लटकणार. कंट्रोल धरून एंटर दाबलं की काम होतं. मराठीत लिहिणाऱ्यांनी युनिकोडमध्येच टाइप करावं. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर निरर्थक अक्षरांत उघडतो. शिक्षकांनी वर्ड फाइल मागितली नसेल तर पीडीएफ द्या, आणि चढवलेली फाइल पोर्टलवरूनच परत उतरवून मोबाइलवर उघडा. चुकीचा मसुदा गेलाय हे तिथेच कळतं.

एवढं करूनही उशीर झालाच, तर रडत बसू नका. लगेच मेल करा: दोन ओळी, फाइल जोडलेली, स्क्रीनशॉट असेल तर तोही. कारणांची कहाणी नको. बरेच शिक्षक ऐकून घेतात. माझ्या शिक्षकांनी थोडे मार्क कापले, पण असाइनमेंट तपासली.