आजोबांच्या पेढीचे जुने कागद हाती आले, तर काय करावे?

वाडा पाडायला काढला किंवा दुकानाची वाटणी झाली, की माळ्यावरच्या ट्रंकेतून लाल कापडी बांधणीच्या चोपड्या, पत्रांचे गठ्ठे, हुंड्या (म्हणजे व्यापाऱ्यांच्या पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठ्या), पावत्या बाहेर येतात. मोडी ही जुनी मराठी लिपी कोणाला येत नाही आणि जागा अडते, म्हणून बहुतेक घरांत हे सगळं रद्दीत जातं. कृपया तसं होऊ देऊ नका. गुळाला, कापसाला, सुताला तुमच्या गावात काय भाव होता आणि उधारी कोणाच्या शब्दावर मिळायची, हे सांगणारा दुसरा कागद बहुधा कुठेच नसतो.

पहिलं काम : क्रम मोडू नका

गठ्ठा सोडण्याआधी आहे तसा फोटो काढा. कागद कसे बांधायचे हे दिवाणजींनी विचार करून ठरवलेलं असतं: एका आडत्याचे (दलालाचे) कागद एकत्र, एका गावचे एकत्र, कधी एका कज्ज्याचे (भांडणाचे) एकत्र. तारखेनुसार लावायच्या उत्साहात आपण ही माहिती कायमची पुसून टाकतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशवेकाळच्या कागदांच्या संग्रहातले, कागद रुमालांत (कापडी गठ्ठ्यांत) बांधलेले आहेत आणि अभ्यासक रुमालाचा क्रमांक देऊनच त्यांचा हवाला देतात. घरीही तेच करा. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्या, मग आतल्या कागदांना. मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने ‘३/१७’ एवढं पुरे, पेन नको. तिकिटांसाठी पाकिटं कापू नका, टपालाच्या शिक्क्यावर गाव आणि तारीख दोन्ही मिळतात.

साफसफाई

मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. पाण्याचा थेंबही नको, कारण जुनी काळी शाई बहुधा काजळीची असते आणि ओल लागली की पसरते. गंजलेली टाचणी सहज निघत असेल तरच काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांनी कागदाचं जेवढं नुकसान होतं तेवढं वाळवीनेही क्वचितच होत असेल, म्हणून दोन्ही टाळा. उन्हात वाळत घालू नका. कोकणात असाल तर हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढा. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गठ्ठे बांधा आणि भिंतीपासून, जमिनीपासून थोडे दूर ठेवा.

तारीख लावणं

व्यापारी वही बहुधा दिवाळीला सुरू होते. पहिल्या पानावर श्री, स्वस्तिक आणि त्याखाली शके किंवा संवत सापडेल. इंग्रजी सन काढायला शकात ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या नोंदींसाठी ७९. दिवाळीपासूनच्या संवतातून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा, पुढे ५६. संवत १९५६ ची वही हाती आली तर ती १८९९ च्या दिवाळीची, म्हणजे छप्पनच्या दुष्काळाची. तिच्यातले धान्याचे भाव आधी उतरवून घ्या. दक्खनी फसली सालात, म्हणजे महसुलासाठी वापरायच्या सालात, ५९० किंवा ५९१ मिळवतात. वर्ष लिहिलंच नसेल तर नाण्यांकडे बघा. नवे पैसे दिसले तर नोंद १ एप्रिल १९५७ नंतरची. त्याआधी १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा.

एक व्यवहार धरून वाचा

सगळी वही वाचायला बसू नका, दमायला होतं. एकच हुंडी निवडा. तिच्यात रक्कम आकड्यात असते, अक्षरात असते, शिवाय ‘निमे’ म्हणजे अर्धी रक्कम लिहून ‘त्याचे दुप्पट’ अशी खातरजमाही असते, जेणेकरून कोणी आकडा वाढवू नये. हुंडी दर्शनी असेल तर दाखवताक्षणी पैसे, मुदती असेल तर दिवस भरल्यावर. ती हरवली तर पैठ, म्हणजे तिची दुसरी प्रत, लिहायची, पैठही हरवली तर परपैठ, म्हणजे तिसरी. आता त्या तारखेच्या आसपास कीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नोंद शोधा. डावीकडे जमा (आलेलं), उजवीकडे नावे (दिलेलं). तिथून खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, त्या माणसाच्या खात्यावर जा. मग पत्रांच्या गठ्ठ्यात त्याच गावचं, त्याच सुमाराचं पत्र बघा. गुळाचे रवे भिजले म्हणून दर पाडून मागितलाय, गाडीभाडं कोणी द्यायचं यावर खटका उडालाय, असं काही त्यात निघालं, तर कीर्दीत त्या दिवशी सूट का पडली ते उलगडतं. म्हणून क्रम जपायचा.

मोडीसाठी आधी आकडे आणि महिन्यांची नावं शिका. हिशेबात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा, कारण वहीत गिऱ्हाइकं नुसत्या टोपणनावाने येतात.

यादी आणि पुढची सोय

खिडकीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, वरून सरळ फोटो काढा. फाइलला तोच ‘३/१७’ क्रमांक द्या, फक्त तिरक्या रेघेऐवजी आडवी. यादीत तारीख मुळात आहे तशी, मग इंग्रजी तारीख, कोणाकडून, कोणाला, माल कोणता आणि कागदाची अवस्था एवढं लिहा. मूळचं शुद्धलेखन सुधारू नका.

घरी जपणं शक्य नसेल तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ किंवा राज्याचं पुराभिलेख खातं यांच्याकडे यादी घेऊन चौकशी करा. कागद सोपवताना ते कोणाला आणि कधीपासून बघता येतील हे लेखी ठरवा. कर्जदारांची नातवंडं अजून त्याच गावात राहत असतील, तर फोटो सगळीकडे टाकण्याआधी अलीकडच्या उधारीची पानं वेगळी ठेवा.