क्वेकरांच्या जप्तीची जुनी नोंद कशी वाचावी

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या क्वेकरांची, म्हणजे सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांची, जप्तीची नोंद हातात आली, की डोळा आधी वस्तूंवर जातो: गाय, पितळेचं पातेलं, अंथरूण. माझाही तसाच जायचा. जमिनीच्या दाव्यांची कागदपत्रं वाचण्यात माझी हयात गेली, त्या अनुभवावरून सांगते: वस्तू शेवटी बघा. आधी बघा, कोणत्या कायद्याखाली नेल्या.

त्याही आधी तारीख लावून घ्या. क्वेकर महिन्यांची रूढ नावं टाळून आकडे लिहीत, आणि १७५२पर्यंत तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. पहिला महिना मार्च, म्हणून 'बारावा महिना, १६७०' म्हणजे आजच्या हिशेबाने फेब्रुवारी १६७१. मी एकदा तो डिसेंबर धरला आणि शिक्षेच्या आधीच जप्ती झाल्याचं चित्र उभं राहिलं. दोन दिवस त्याच चुकीवर डोकं घालवलं.

आता कायदा. दंड ५ किंवा १० शिलिंग असेल आणि सोबत खबऱ्या असेल, तर बहुधा १६७०चा सभाबंदीचा कायदा. घरच्यांखेरीज पाच किंवा अधिक माणसं सरकारमान्य चर्चच्या रीतीबाहेर उपासनेला जमली, की पहिल्या वेळी ५ शिलिंग, पुढे १०. बोलणाऱ्याला २० पौंड, पुन्हा सापडला तर ४०. ज्याच्या घरी सभा भरली त्यालाही २०. वसुलीतला तिसरा हिस्सा खबऱ्याचा. एखाद्याची गाय दुसऱ्याच्याच दंडापोटी गेलेली दिसली तर नोंद चुकली असं समजू नका. दंड झालेला गरीब असेल तर तो सभेतल्या इतरांच्या मालातून वसूल करायची मुभा याच कायद्यात होती. शेतातल्या पेंढ्या किंवा कोकरं उचलली असतील तर मात्र चर्चचा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आठवा. तो क्वेकर देत नसत.

मग दोन आकडे शेजारी मांडा: मागितलं किती, नेलं किती. तेव्हा पौंडाचे वीस शिलिंग होत. समजा, मागणी ५ शिलिंगांची आणि नेलेली गाय अडीच पौंडांची, म्हणजे दहापट. हा फरक मनात गोळा होत नाही, कागदावरच मांडावा लागतो.

सगळ्यात सावध राहा ते 'प्रिम्युनायरी' या शब्दापाशी. तिथे दंड नसतो, सगळंच जातं. न्यायाधीश राजनिष्ठेची शपथ पुढे करत. क्वेकर कोणतीच शपथ घेत नसत, हे त्यांना ठाऊक असे. नकार दिला की मालमत्ता राजाची आणि माणूस तुरुंगात. १६६४ साली लँकेस्टरला क्वेकरांच्या एक पुढारी मार्गारेट फेल यांना हीच शिक्षा झाली. त्या सुटल्या १६६८मध्ये. अशा नोंदीत एखाद-दुसरीच वस्तू लिहिलेली असली, तरी गेलं तेवढंच असं धरू नका.

ताब्याचा दावा दिसला तर विवाहाची नोंदही काढा. १६६१मध्ये नॉटिंगहॅमला एका नातेवाइकाने मयताच्या जमिनीवर हक्क सांगितला: क्वेकर लग्न पाद्र्याविना झालं, म्हणून मूल औरस नाही. न्यायाधीश आर्चर यांनी परस्पर संमतीने विवाह होतो असं ज्यूरीला सांगितलं आणि निकाल मुलाच्या बाजूने लागला. तिथे जमीन राखली ती साक्षीदारांसमोर दिलेल्या वचनाने. म्हणून जुन्या विवाहपत्राच्या तळाशी असलेली साक्षीदारांची एकेक सही वाचा, एकही गाळू नका.